बिब्ब्याचं विरजण

लेकराच्या पाठीवर पाच बोटं उठली होती.

ईश्वरीनं दुपटं बाजूला केलं आणि ती नुसती बघत राहिली. मग तिनं आईला हाक मारली. गोकर्णा न्हाणीत पाणी विसणत होती, ती तशीच ओल्या हातानं आली. तान्ह्या बाळाची पाठ ती केवढी. तिच्यावर लाल, किंचित वर आलेला एक अख्खा पंजा होता. अंगठा खांद्यापाशी, करंगळी कमरेच्या जरा वर. गोकर्णानं आपला हात न टेकवता त्याच्यावर धरून पाहिला. बोटाला बोट जुळलं.

"मी मारलं नाही बापा तिले," ती म्हणाली.

"तू मारलं असं कोण म्हणून राहिलं, आई?"

खरंच कोणी म्हटलं नव्हतं. मग आपण हे का बोललो, ते गोकर्णाला कळलं नाही. त्या दिवसापासून तिला न कळणाऱ्या गोष्टींची जी रांग लागली, ती पुढं लांबतच गेली.

ईश्वरी पहिल्या बाळंतपणाला अकोल्याहून माहेरी आली होती. वाशीम जिल्ह्यातलं हे डोंगरकडेचं गाव दोन गोष्टींसाठी ओळखलं जाई, बिब्बा आणि बिब्ब्यानं उतलेले, फोडांनी भरलेले हात. डोंगरातून बिब्ब्याची काळी फळं पोत्यांनी यायची आणि गावातल्या बायका शेडमध्ये बसून ती फोडायच्या. आतली गोडंबी बदामासारखी गोड. पण तिच्याभोवतीच्या टरफलात जे तेल असतं, ते अंगाला लागलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टपोरे फोड येतात. मध्ये यंत्रं येऊन गेली. यंत्रानं गोडंबीचा चुरा व्हायचा. अख्खा दाणा बाईच्याच हातून निघतो, म्हणून एवढी वर्षं लोटली तरी शेडमध्ये दगड, मोगरी आणि बायका तशाच होत्या.

गोकर्णा लग्न होऊन आली ती या शेडमध्येच बसली. हाताला राख चोळायची, वर खोबरेल लावायचं आणि फोडायला लागायचं. नवरा गेल्यावर तर दुसरं काही सुचण्याचा प्रश्नच नव्हता. ईश्वरी लहानपणी आईजवळ निजायची ती पाठ करून, कारण आईचा हात अंगावर पडला की तो खरखरीत लागायचा. गोकर्णालाही ते ठाऊक होतं. ती आपला हात उशाखाली घेऊन झोपे.

गेल्या काही वर्षांत मात्र तिचे हात नितळ झाले होते. ते झालं डॉक्टर टिकारांच्या दह्यामुळं.

डॉ. मैत्रेयी टिकार मूळच्या वैद्य. पुढं नागपूरच्या एका संशोधन संस्थेत रोगप्रतिकारशास्त्र शिकलेल्या. शेडमधल्या बायकांना त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की बिब्बा तुम्हाला जाळतो हे अर्धंच खरं आहे. तेलातले रेणू कातडीत मुरतात आणि तिथल्या प्रथिनांना चिकटून बसतात. शरीराच्या पहारेकरी पेशींना मग आपलीच कातडी परकी वाटू लागते, आणि त्या तिच्यावर तुटून पडतात. तेल लागल्यापासून फोड यायला जो वेळ जातो, तो या पहारेकऱ्यांची जमवाजमव होण्याचा वेळ. आग बिब्ब्याची थोडी, आपल्या अंगाची जास्त.

"जुने वैद्य हाच बिब्बा औषध म्हणून देत," त्या म्हणाल्या होत्या. "विटेच्या भुकटीत घासून शुद्ध करायचा, तुपातून अगदी थोडा सुरू करायचा, रोज थोडा चढवायचा, मग तसाच उतरवत आणायचा. रोज थोडं थोडं घेत गेलं की बाधणारी गोष्टही अंगाला मानवते. त्याला सात्म्य म्हणतात."

संस्थेनं ही चढती मात्रा एका जिवाणूच्या हाती सोपवली होती. दह्यातला एक साधा जिवाणू घेऊन त्याला बिब्ब्याच्या तेलासारखाच, पण बोथट केलेला रेणू तयार करायला शिकवलं होतं. ते दही रोज पोटात गेलं, की आतड्यातल्या पेशी त्या रेणूशी ओळख करून घेत आणि पहारेकऱ्यांना शांत करणाऱ्या पेशी अंगभर पाठवत. बायकांना दह्याचे बंद कप मिळायचे. काही महिन्यांत शेडमधले हात बरे होत गेले. पहिल्यांदा हात बरे झाले तेव्हा गोकर्णा अकोल्याला गेली होती आणि काही कारण नसताना लेकीच्या पाठीवरून हात फिरवत बसली होती.

आता त्याच हाताचा ठसा नातीच्या पाठीवर होता.

ईश्वरीनं फोन बाळाच्या पाठीवर धरला. फोनमधल्या तपासणीनं तीन कारणं दाखवली. उष्णता, आईच्या आहारातला एखादा पदार्थ, स्पर्शातून आलेला एखादा पदार्थ. तिन्हींची शक्यता सारखीच.

"म्हणजे यालेही काही समजलं नाही," गोकर्णा म्हणाली.

संध्याकाळी अकोल्याहून विहीणबाईंचा फोन आला. सुलभाताई शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. समोरच्याचं बोलणं पूर्ण होऊ देत, पण ऐकत नसत.

"मी ईश्वरीला म्हटलंच होतं, लाडवात गोडंबी नको. बदाम घाला म्हटलं."

"विहीणबाई, माह्या आईनं मले गोडंबीचेच लाडू चारले. मी ईश्वरीच्या वेळेस तेच खाल्ले."

"तुमचं वेगळं. तुम्ही बिब्ब्यातल्याच. आमच्या घरात कोणी बिब्बा पाहिलेला नाही. सगळं छान चाललेलं, आणि अक्षरशः बिब्बा पडला त्यात." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "नावही ठेवायचंय अजून. पाठीवर असं घेऊन बारसं कसं करायचं?"

लाडू बंद झाले. पाठ निवळली. दोन-तीन दिवसांनी बाळाच्या मानेखाली पुन्हा लाली आली.

गोकर्णानं मग आपल्यापुरता शोध सुरू केला. तिनं शेडमध्ये जाणं थांबवलं. कामाची लुगडी घराबाहेर नेऊन ठेवली. हात साबणानं, मग बेसनानं, मग राखेनं धुतले. बाळाला अंघोळ घालायला शेजारच्या पार्बताला बोलावलं. पार्बताही शेडमधलीच, रोज बिब्बा फोडून येणारी, पण तान्ह्या लेकराला न्हाऊ घालणारी दुसरी कोणी जवळ नव्हती. पार्बतानं दोन वेळा अंघोळ घातली. एकदा बाळाच्या पायावर लाली आली, एकदा काहीच आलं नाही.

"घामोळं असंन," पार्बता म्हणाली. "नाहीतर दृष्ट. एवढी गोरी पोर या घरात आली कुठून, हेच लोक पाहून राहिले."

"तू गंमत नोको करू."

"मंग काय करू? रडू?"

शेवटी गोकर्णानं बाळाला घेणंच सोडलं. ती खाटेच्या पायथ्याशी बसे आणि लांबून बोले. बाळाची नजर अजून ठरत नव्हती, पण आवाजाकडे मान वळे. असे काही दिवस बरे गेले. मग एका दुपारी ईश्वरी न्हाणीत असताना बाळानं रडून रडून श्वास कोंडून घेतला, आणि गोकर्णानं कसलाही विचार न करता ते उचललं. मानेखाली तळवा दिला, छातीशी धरलं. ते शांत झालं.

दोन दिवसांनी मानेखाली तळवा उठला. या वेळी बारीक पाणी भरलेले फोडही होते.

आता संशयाला जागा राहिली नव्हती, आणि तरी गोकर्णाला काही समजत नव्हतं. हाताला तेल नाही, शेडचं नखभरही काही नाही. तिनं हात नाकाशी नेऊन हुंगले. साबणाचा वास आला.

डॉ. टिकार दर आठवड्याला शेडच्या दवाखान्यात यायच्या, त्या आठवड्यात त्या गोकर्णाच्या घरीही आल्या. त्यांनी बाळाला पाहिलं, मानेवरचा फोड न फोडता त्याच्या बाजूनं कापूस फिरवला, मग गोकर्णाच्या तळहातावरून, बोटांच्या बेचक्यांतून, नखांखालून वेगवेगळे कापूस फिरवले आणि बॅगेतल्या छोट्या यंत्रात घातले. यंत्र घुमत असताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं,

"मावशी, कप नियमित घेता ना?"

"घेतो ना."

"गेल्या वर्षी मध्ये कप येत नव्हते. तेव्हा काय केलं?"

"कपावाचून काय अडलं," गोकर्णा म्हणाली. "दही तर घरचंच आहे."

"घरचं म्हणजे?"

"म्हणजे पहिला कप आला तवाच मी त्यातलं चमचाभर ठेवलं आणि दुधाले विरजण लावलं. तेच चालू आहे आजपोवतर. कपाचं दही पातळ असते मॅडम. मडक्यातलं कसं, सुरीनं कापावं असं लागते."

डॉक्टर टिकारांनी बॅगेची चेन लावली, उघडली, पुन्हा लावली. "हे विरजण आणखी कोणाला दिलंय?"

गोकर्णाला प्रश्नच विचित्र वाटला. विरजण मागायला आलेल्या बाईला कोणी नाही म्हणतं का? "पार्बताले देल्लं. तिनं तिच्या जावेले. पलीकडल्या आळीत गेलं. ज्यायचे हात उततात त्यायनं सगळ्यायनं नेलं. मॅडम, तुमचे कप शेडच्या बायकायले. डोंगरातून फळं आणणाऱ्या बायकायले कोण देते?"

"बरोबर आहे," टिकार म्हणाल्या. यंत्राच्या पडद्यावर आकडे आले होते. त्यांनी ते बराच वेळ पाहिले.

मग त्यांनी ईश्वरीला आणि गोकर्णाला समोर बसवलं.

कपातल्या जिवाणूला जगायला एक खास साखर लागत होती, ती कपातच घातलेली असे. बाहेर पडला की तो दिवस-दोन दिवसांत मरावा, अशी ती सोय होती. पण गोकर्णाच्या मडक्यात तो एकटा नव्हता. तिथं तिच्या सासूच्या काळापासूनच्या, मडक्याच्या भिंतीत मुरलेल्या जिवाणूंची वस्ती होती. जिवाणूंमध्येही शेजारधर्म असतो. एकमेकांच्या अंगातले गुण ते वाटीभर साखर द्यावी तसे देतात-घेतात. पाहुणा साखरेवाचून मेला, पण मरण्याआधी आपली विद्या शेजाऱ्याला देऊन गेला. या शेजाऱ्याला कुठल्याही खास साखरेची गरज नव्हती. गोकर्णा रोज दुधात बोट घालून ते कोमट झालं का पाहायची, विरजण बोटानंच ढवळायची. तो तिच्या हातांवर राहायला आला. तिथं बसून तो बिब्ब्याचा बोथट रेणू थोडा थोडा बनवत होता. पार्बताच्याही हातावर तो असणार, कमी-जास्त.

"मंग माहे हात काहून नाही उतत?"

"कारण तुमच्या अंगाला तो ओळखीचा आहे. तुम्ही तो खाल्लाय. ईश्वरीही या घरात गोडंबी खाऊन वाढली, तिला काही झालं नाही. बाळाचं तसं नाही." टिकारांनी बाळाच्या पावलाकडं बोट दाखवलं, पण लावलं नाही. "नवी गोष्ट पोटातून आली तर शरीर ती अन्न समजतं. थोडी थोडी, रोज आली तर तिच्याशी जमवून घेतं. तीच गोष्ट कातडीतून आत शिरली तर शरीराला वाटतं, भिंत फोडून कोणी आलं. मग वैर. बाळाला तो रेणू पहिल्यांदा भेटला तो कातडीवर. आणि मध्ये मध्ये भेटला. रोज भेटण्यापेक्षा ते वाईट."

गोकर्णानं हिशोब लावून पाहिला. बाळाला घेणं सोडलं, ते बाळासाठी. मग एकदा घेतलं, तेही बाळासाठी.

"आणि मी दही खाल्लं असतं तर?" ईश्वरीनं विचारलं. "दुधातून तिले गेलं असतं?"

"कदाचित. थोडं."

ओल्या बाळंतिणीला दही द्यायचं नाही, दह्यानं सूज येते, हे पथ्य गोकर्णानं डोळ्यांत तेल घालून पाळलं होतं. ईश्वरीनं कढी मागितली तरी तिनं दिली नव्हती.

"पथ्य चुकलं का मंग माहं?"

"पथ्य बरोबर होतं, मावशी. दही साधं असतं तर." टिकारांनी चष्मा काढून हातात धरला. "आमच्या शास्त्रात पहिला उपचार सांगितलाय, ज्यानं बाधा होते ते टाळा. त्याच शास्त्रात सात्म्यही सांगितलंय, थोडं थोडं घेऊन अंगवळणी पाडा. कुठल्या रोग्याला, कुठल्या वेळी यातलं कुठलं द्यायचं हे ओळखणं, यालाच वैद्यक म्हणतात. मला आत्ता ते ओळखता येत नाहीये. इतक्या लहान बाळावर हे कोणी करून पाहिलेलं नाही. मी वर विचारते. वेळ लागेल."

"तवरिक काय करू?"

"तुम्ही बाळाला हात लावू नका. मी एक औषध देते, त्यानं हातावरचे आणि पोटातले हे जिवाणू जातील. मग शेडमध्ये गेलात तर पुन्हा फोड येतील, ते लक्षात ठेवा. आणि ते मडकं..."

"मडक्याचं काय?"

"ते ठेवू नका."

बातमी अकोल्याला पोचायला वेळ लागला नाही. सुलभाताई रागावतील असं गोकर्णाला वाटलं होतं. त्या रागावल्या नाहीत, आणि तेच तिला जड गेलं. "तुमची काही चूक नाही हो," त्या म्हणाल्या. "पण मुलीला असं ठेवता येणार नाही. आमचा मंगेश परवा गाडी घेऊन येतोय. आणि खरं सांगू का, तुमच्या सगळ्या गावातच ते आहे म्हणतात. मग पुढं सुट्टीला तरी ती कशी यायची?"

गोकर्णानं हे आधी मनात येऊ दिलं नव्हतं. पार्बताच्या हातावर, तिच्या जावेच्या हातावर, दुकानात, अंगणवाडीत. या लेकराला आजोळच बाधणार होतं.

ईश्वरी जायच्या आदल्या दिवशी जेवायला बसली, तेव्हा तिनं ताटातला भात मधोमध उकरून आळं केलं आणि ताट पुढं सरकवलं.

"दही वाढ."

गोकर्णा पळी हातात घेऊन मडक्यापाशी उभी होती. "नोको."

"काहून? रोज थोडं थोडं खातो मी. दुधातून तिले जाईन. मॅडमनंच सांगितलं, पोटातून गेलं तर ओळख होते."

"मॅडमनं 'कदाचित' म्हटलं."

"आई, मी हे खाल्लं नाही तर तू तिले कधीच धरणार नाही. समजून राहिलं का तुले?"

समजत होतं. मडक्यातलं दही गोकर्णाला दिसत होतं. घट्ट, वर सायीचा पिवळसर थर. एक पळी वाढायची. लेक हात पुढं करून मागत होती, आणि आईनं लेकीच्या ताटात वाढण्यात चूक ती काय. पण कपातल्या दह्याला माप होतं. या दह्याला कसलं माप? ते रोज वाढत गेलं, दारोदार गेलं, आणि तिला वाटत राहिलं की दहीच आहे. उद्या ते ईश्वरीच्या दुधातून जाईल, आणि लेकराच्या अंगाला ते ओळखीचं वाटेल की भिंत फोडून आलेलं, हे कोण सांगणार? आधीच वैर झालेल्या घरात पुन्हा जेवायला जावं तसं होईल. मानपान मिळेल, नाहीतर डोकं फुटेल.

आणि आपण नाही म्हणतोय ते लेकरासाठी, की पुन्हा चूक आपल्या हातून व्हायला नको म्हणून? हेही तिला ठरवता येईना.

"मी नाही वाढत," ती म्हणाली. "तिले नाही धरणार मी. चालते."

"तुले चालते," ईश्वरी म्हणाली. "तिले कोणी विचारलं?" तिनं आळ्यात वरण ओतून घेतलं आणि मान खाली घालून जेवली.

गाडी आली तेव्हा गोकर्णा ओट्यावर हात मागं बांधून उभी राहिली. जावयाला वाटलं, सासूबाई रुसल्या. तो वाकून नमस्कार करायला आला, तर ती दोन पावलं मागं सरली.

गाडी गेल्यावर तिनं मडकं उचललं, बांधाकडे नेलं आणि खड्डा करून पुरलं. परत आली तर पार्बता दारात वाटी घेऊन उभी.

"हे काय केलं? निदान मले तरी सांगतं." मग तिच्या लक्षात आलं आणि तिनं वाटी पदराआड घेतली. "माह्याजवळ आहे म्हणा विरजण. पण मी नाही पुरणार, आधीच सांगतो. तुह्या दह्यानं माहे हात वाचले. आता नातीसाठी तू आमचे हात जाळायले सांगशीन, तर ते काही होत नाही."

"मी काही सांगून नाही राहिली."

"मंग ठीक आहे."

गोकर्णानं औषध घेतलं. पुन्हा शेडमध्ये बसली, आणि पहिल्याच आठवड्यात तिचे हात उतले. इतक्या वर्षांची सवय मोडलेली, म्हणून पूर्वीपेक्षा जास्त. पार्बता शेजारीच बसून मोकळ्या हातानं फोडत होती आणि तिच्याकडं न बघता खोबरेलाची बाटली सरकवत होती. काही आठवड्यांनी टिकारांनी गोकर्णाचे हात तपासले, तेव्हा जिवाणू परत आलेला सापडला. तिच्या घरात मडकं नव्हतं, पण गावात होतं, आणि रोज दगड-मोगऱ्या हातोहात फिरत होत्या. हातांवरचे फोड हळूहळू बसले. बरं वाटावं की वाईट, हा प्रश्न तिनं आता स्वतःला विचारणं सोडलं होतं.

बारसं अकोल्यात झालं. मुलीचं नाव निहिरा ठेवलं. गोकर्णाला ते जिभेवर बसेना. फोनवर ती 'निरा' म्हणे. पडद्यावर बाळ हसे. पडद्याला हात लावला तर काही होत नव्हतं.

वरून परवानगी आली ती उष्टावणाच्या सुमाराला. गावातून लग्न होऊन गेलेल्या आणखी काही लेकींच्या घरांतून, लेकरांच्या अंगावर बिब्बा उतल्याची अशीच प्रकरणं निघाली होती. ठरलं ते असं : लेकरू पहिलं अन्न खाईल त्या दिवशी, डॉक्टरांसमोर, मोजून चिमूटभर कपातलं दही त्याच्या जिभेवर ठेवायचं. मग रोज, हळूहळू चढतं. निहिराच्या कातडीचं वैर तिच्या पोटाला मोडता येतं का, ते दिसायला वर्ष लागेल. न मोडता वाढलं तर तेही दिसेल.

"मी सही केली," ईश्वरी फोनवर म्हणाली. "तू ये. उष्टावण मामा करते, आणि मले भाऊ नाही. सासूबाई म्हणतात, मान तुमचाच आहे."

"तसं म्हणाल्या?"

"म्हणाल्या. हातमोजे घालून या, असंही म्हणाल्या."

गोकर्णा पांढरे सुती मोजे घालून अकोल्याला गेली. सुलभाताईंनी पाट मांडला होता, चांदीच्या वाटीत खीर होती आणि तिच्या शेजारी टिकारांनी आणलेला बंद कप. निहिरा ईश्वरीच्या मांडीवर बसली होती. पडद्यावर दिसे त्यापेक्षा ती बरीच मोठी होती. गोकर्णाला तिच्याकडं नीट पाहायचं होतं, पण सगळे चमच्याकडं बघत होते म्हणून तीही चमच्याकडं बघू लागली.

"अगदी टोकावर," टिकार म्हणाल्या. "ओठाबाहेर सांडू देऊ नका."

"फक्त जिभेवर," सुलभाताई म्हणाल्या.

"समजलं मले," गोकर्णा म्हणाली. तिनं चमच्याच्या टोकावर दही घेऊन निहिराच्या जिभेला लावलं.

निहिरानं दही जिभेनं पुढं ढकललं, तोंड वाकडं केलं, मग काय वाटलं कोणास ठाऊक, ते आत ओढलं आणि मिटक्या मारल्या. टिकारांनी घड्याळ पाहिलं. सगळं ठरल्याप्रमाणं झालं होतं, आणि गोकर्णा चमचा वाटीत ठेवायला वळली, तेवढ्यात निहिरानं तिच्या मोज्याचं बोटापुढं लोंबणारं टोक पकडलं.

मोजा सैल होता. तो सरसर निघून आला. निहिरानं तो एका हातात घेऊन हलवला, टाकून दिला, आणि दुसऱ्या हातानं आजीचं उघडं बोट मुठीत धरलं. धरलं ते तसंच तोंडात घातलं.

"आई," ईश्वरी म्हणाली.

टिकार अर्ध्या उठल्या आणि तशाच थांबल्या.

"आधी हात लागला की आधी तोंड?" सुलभाताईंनी विचारलं. "तुम्हीच म्हणाला होता ना डॉक्टर, हाताला लागलं तर वाईट आणि तोंडात गेलं तर चांगलं? मग हे काय झालं?"

"दोन्ही," टिकार म्हणाल्या. "दोन्ही एकदम."

"म्हणजे काय समजायचं?"

टिकारांनी पुन्हा घड्याळ पाहिलं.

गोकर्णा वाकलेलीच होती. बोट ओढलं तर ते त्या मऊ मुठीतून घासत बाहेर येणार होतं. ठेवलं तर आत राहणार होतं. निहिरा ते मन लावून चावत होती आणि खालून वर आजीच्या चेहऱ्याकडं पाहत होती. खालच्या हिरडीत गोकर्णाच्या बोटाला काहीतरी बारीक, धारदार टोचलं.

"दात आला इले," ती म्हणाली. आणि बोट काढायचं की ठेवायचं हे कोणी तरी सांगेल म्हणून, बोट तसंच ठेवून, ती एकेकाच्या तोंडाकडं बघत राहिली.